जागतिकीकरण : इतिहास, प्रकार आणि वऱ्हाडचा कापूस

‘जागतिकीकरण’ हा शब्द मराठी वृत्तपत्रांत रूढ झाला तो १९९१ नंतर. त्यामुळे ही प्रक्रियाच त्या वर्षी सुरू झाली, असा समज अनेकांच्या मनात दृढ झालेला आढळतो. माल, भांडवल, माणसे, तंत्रविद्या आणि कल्पना यांची देशोदेशींची देवघेव वाढत जाऊन एका देशातील निर्णयाचे परिणाम दुसऱ्या देशातील सामान्य कुटुंबाच्या चुलीपर्यंत पोहोचणे, असा या शब्दाचा अर्थ घेतल्यास ही प्रक्रिया बरीच जुनी ठरते. तिचा एक महत्त्वाचा टप्पा तर आपल्याच राज्यात, वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत घडून आला.

प्राचीन काळी दूरदेशीचा व्यापार नव्हता असे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणचे मौल्यवान खडे आणि तगर, म्हणजे आजचे तेर, येथील सुती कापड गाड्यांतून भडोच बंदरात जात असल्याची नोंद आहे. या व्यापाराने श्रेष्ठी व राजे संपन्न झाले. परंतु शेतकऱ्याने शेतात काय पेरावे, हे रोमच्या बाजाराने ठरविले नाही. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचल्यानंतर मात्र देवघेवीची व्याप्ती वाढली. मिरची, बटाटा, मका, पेरू, काजू ही अमेरिका खंडातील पिके पोर्तुगीजांच्या जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरली. ज्या ठेच्याला आपण अस्सल गावरान म्हणतो, त्यातील मिरचीही अशी परदेशातून आलेली आहे.

खऱ्या अर्थाने शेतकऱ्याच्या जीवनाला जागतिक बाजाराचा स्पर्श झाला तो एकोणिसाव्या शतकात. इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापडगिरण्या मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील कापसावर चालत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. गिरण्यांची दृष्टी हिंदुस्थानकडे वळली. मुंबईत कापसाचे भाव कडाडले, पैशाचा पूर आला, समुद्र हटवून जमीन तयार करणाऱ्या कंपन्यांच्या भागांवर सट्टा सुरू झाला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले व अनेक पेढ्या आणि कंपन्या बुडाल्या. ज्या युद्धाशी मुंबईचा काडीमात्र संबंध नव्हता, त्याने चार वर्षांत तिला चढविले आणि पाडले.

तेजी ओसरली तरी तिने जोडलेले धागे तुटले नाहीत. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे धावलेली रेल्वे १८६७ पर्यंत नागपूरला पोहोचली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. १८७० मध्ये मुंबई व लंडन सागरी तारेने जोडली गेली. त्याच वर्षी खामगावच्या कापूसपेठेसाठी रेल्वेचा स्वतंत्र फाटा सुरू झाला. या चार गोष्टींचा एकत्रित परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. पूर्वी विलायतेतील भावाची वार्ता आगबोटीने कित्येक आठवड्यांनी येई. आता लिव्हरपूलचा भाव तारेने येऊ लागला आणि त्यावर वऱ्हाडातील व्यापारी बोली लावू लागला. शेतकऱ्यापाशी तार नव्हती. त्याच्यापाशी सावकाराचे कर्ज व सरकारी सारा होता. नगदी पैशासाठी कापसाचे क्षेत्र वाढत गेले. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत ज्यांच्या घरी ज्वारीची कणगी नव्हती, त्यांना चढ्या भावाचे धान्य विकत घ्यावे लागले. रेल्वे धान्य आणू शकत होती. पण ते घेण्याची ऐपत तिला पुरविता येत नव्हती.

तथापि चित्राची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. याच काळात देशी भांडवलातून मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि १८७७ मध्ये जमशेटजी टाटा यांनी नागपुरात, कापसाच्या जवळ, एम्प्रेस मिल सुरू केली.

ही प्रक्रिया सदैव पुढेच जाते असेही नाही. १९१४ ते १९४५ या काळात दोन महायुद्धे व १९२९ ची मंदी यांमुळे प्रत्येक देशाने दारे लावून घेतली. पुढे १९४७ मध्ये जकातविषयक सर्वसाधारण करार झाला, त्यात भारत प्रारंभीच्या २३ देशांत होता. त्याच्या जागी १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना आली.

अभ्यासक या प्रक्रियेचे आर्थिक, तांत्रिक, राजकीय व सांस्कृतिक असे प्रकार सांगतात. ते कप्पेबंद नाहीत, हे कापसावरूनच दिसते. २००२ मध्ये बीटी कापसास भारतात परवानगी मिळाली. ही तंत्रविद्येची आयात, पण बियाण्याच्या किमतीच्या रूपाने तिचा आर्थिक भार शेतकऱ्यावर आला. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या अनुदानांविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये व्यापार संघटनेकडे दाद मागितली व २००५ मध्ये अपिलातही निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला. हा राजकीय प्रकार. संस्थेच्या नियमांनी बलाढ्य देशासही उत्तर द्यावे लागते, एवढे त्यातून दिसले. तरी तो वाद मिटण्यास २०१४ उजाडले. सांस्कृतिक प्रकाराचे उदाहरण मॉरिशसचे देता येईल. तेथे कोकणातून मजूर म्हणून गेलेल्यांच्या वंशजांनी गणेशोत्सव जपला असून गणेश चतुर्थीस तेथे सार्वजनिक सुटी असते.

आता ताज्या घडामोडीकडे वळू. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र शासनाने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क प्रथम सप्टेंबरअखेर व नंतर ३१ डिसेंबरपर्यंत माफ केले. गिरण्यांना स्वस्त रुई मिळावी हा हेतू होता. परंतु हेच महिने नवा कापूस बाजारात येण्याचे. अशा वेळी शेतकऱ्याचा आधार म्हणजे किमान आधारभूत किंमत. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती मध्यम धाग्यास क्विंटलमागे ७,७१० व लांब धाग्यास ८,११० रुपये होती. या दराने भारतीय कापूस महामंडळास माल देण्यासाठी मोबाइलवरील ‘कपास किसान’ अॅपवर नोंदणी करावी लागली व तीत जमिनीच्या आणि पीकपेऱ्याच्या नोंदी लागल्या. राज्यात ही पीकनोंद २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकऱ्याने स्वतः करावयाची आहे. ज्याच्या हाती स्मार्टफोन नाही किंवा ज्याच्या शिवारात संपर्कजाळे पोहोचत नाही, त्याची नोंद मुदतीत होते की नाही, हे पाहण्याचे काम ग्रामपंचायत सदस्य, तलाठी आणि गावचे शिक्षक पेरणीनंतरच्या आठवड्यांतच करू शकतात. माल बाजारात आल्यावर त्यास उशीर झालेला असतो.