आकाशाचे नवल

रात्रीच्या आकाशाकडे पाहून ज्याच्या मनात कधी प्रश्न उठला नाही, असा मनुष्य विरळाच. हे असंख्य दीप कोणी लावले? ते कोठून आले? निरनिराळ्या धर्मांनी या प्रश्नांची उत्तरे दिली आणि त्यांतून सुंदर कथा जन्मास आल्या. परंतु या कथांचा आधार न घेता जो आकाशाकडे पाहतो, त्याच्या वाट्यास केवळ कोरडे गणितच येते काय? ज्ञान वाढले की नवल सरते, अशी पुष्कळांची समजूत असते. मुलांनो, ती कितपत खरी आहे, हे आपण ठाणे-कल्याणच्या परिसरातच तपासून पाहू.

दुपारी सूर्य डोक्यावर येतो, असे आपण रोज म्हणतो. वस्तुतः ठाण्यास किंवा डोंबिवलीस तो वर्षातून दोनच दिवस अगदी माथ्यावर येतो. एकदा मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. जुलैत बहुधा ढग आडवे येतात. म्हणून मे महिना सोयीचा. त्या दिवशी साडेबारा वाजून गेल्यावर अंगणात एक काठी सरळ उभी करा. तिची सावली आखडत आखडत तिच्या पायाशीच नाहीशी होते! कर्कवृत्ताच्या उत्तरेस राहणाऱ्या दिल्लीच्या मुलांना हे दृश्य आपल्या गावी कधीच दिसत नाही. एका साध्या काठीने पृथ्वीचा कललेला आस आणि तिचे सूर्याभोवतीचे भ्रमण यांची साक्ष आपल्याला मिळते.

आता रात्रीकडे वळू. शहरातील दिव्यांच्या झगझगाटात पुष्कळ तारे लोपून जातात. म्हणून आकाशप्रेमी मंडळी कल्याणच्या पुढे, कर्जतच्या वाटेवर असलेल्या वांगणीस जाऊन रात्र जागवतात. हिवाळ्यात तेथून व्याधाचा तेजस्वी तारा पाहावा. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचण्यास साडेआठ वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. तुम्ही आज बारा वर्षांचे असाल, तर तो प्रकाश निघाला तेव्हा तुम्ही बोबडे बोल बोलत होता! कृत्तिकांचा पुंजका तर याहून फार दूर आहे. त्याचा प्रकाश निघून सुमारे ४४० वर्षे झाली. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण जिंकले, तेव्हा तो वाटेतच होता. आकाशाकडे पाहणे म्हणजे भूतकाळाकडे पाहणे होय.

दूरच कशाला जावे? कल्याण-डोंबिवलीच्या घराघरांत उल्हास नदीचे पाणी येते. पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजन या दोन मूलद्रव्यांचे बनलेले असते. त्यांपैकी हायड्रोजन विश्वाच्या आरंभकाळी, सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी निर्माण झाला. ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटात तयार झाला. आपल्या रक्तातील लोहही ताऱ्यांच्याच भट्टीतून आले आहे. म्हणजे आकाश केवळ आपल्या वर नाही. ते आपल्यातही आहे. हे कळल्याने पाण्याच्या पेल्याचे नवल घटले की वाढले?

ज्ञानाने आनंद वाढतो, याचे एक उदाहरण ठाण्याशी निगडित आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ साली कोकणातील मुरुड येथे झाला. ते व्यवसायाने शिक्षक होते आणि १८८२ पर्यंत काही काळ ठाण्याच्या मराठी शाळेत शिकवीत होते. शिकवण्याचे काम सांभाळून त्यांनी आकाशाचा आणि जुन्या ग्रंथांचा अखंड अभ्यास केला. सामान्य वाचकांसाठी त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहिले आणि १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा थोर ग्रंथ प्रसिद्ध केला.

येथे कोणी विचारील, “एवढ्या अफाट विश्वात माणूस धुळीच्या कणाएवढाही नाही, मग त्याच्या जीवनास अर्थ तो कोणता?” प्रश्न रास्त आहे. परंतु डोंगराला आपले वय ठाऊक नसते. पारसिकचा डोंगर लाव्हारसाच्या खडकाचा असून त्या खडकाचे वय साडेसहा कोटी वर्षांच्या सुमारास आहे, हे माणसाने शोधून काढले. शिवाय अर्थ आकाशातून आयता खाली पडत नाही. तो आपल्या कृतीने निर्माण करावा लागतो. गोपाळ गणेश आगरकर बुद्धीला पटेल तेच मानीत. परलोकातील फळाची आशा त्यांनी धरली नाही. तरीही मोठ्या पगाराची वाट सोडून त्यांनी शिक्षण आणि समाजसुधारणा यांसाठी देह झिजविला. १८९५ साली, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी ते निवर्तले. त्यांचे जीवन निरर्थक होते, असे कोण म्हणेल?

कोणी प्रार्थनेत समाधान शोधतो, कोणी शोधातच रमतो. दुसऱ्याच्या श्रद्धेचा अवमान न करता आपणही प्रश्न विचारीत राहावे. ज्याचे डोळे उघडे आणि मन जिज्ञासू आहे, त्याला विश्वात नवलाची वाण कधीच पडत नाही.

अभ्यास

१. ठाण्यास सूर्य नेमका माथ्यावर केव्हा येतो? ते कसे ओळखाल?
२. ‘आकाशाकडे पाहणे म्हणजे भूतकाळाकडे पाहणे होय’, हे विधान स्पष्ट करा.
३. दीक्षित आणि आगरकर यांच्या चरित्रांतून कोणता बोध मिळतो?
४. वाक्यात उपयोग करा : वाण पडणे, देह झिजविणे, साक्ष मिळणे.