कर कोणीं किती द्यावा ?

राज्यकारभारास पैसा लागतो व तो कररूपानें प्रजेकडूनच यावयाचा, हें आपण नागरिकशास्त्रांत शिकतों. परंतु कोणीं किती द्यावा, यावर शहाण्या माणसांतही एकमत नाहीं.

एक पक्ष म्हणतो, दर सर्वांस एकच असावा. यास प्रमाणशीर कर म्हणतात. दुसरा म्हणतो, उत्पन्न वाढेल तसा दरही चढावा. हा प्रगतिशील कर होय.

हा वाद आमच्या पाथर्डीच्या शेतांपासून दूरचा नाहीं. मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतींत जमिनीचा मगदूर पाहून एकरीं सारा ठरत असे. 1927 सालीं मुंबई कायदे कौन्सिलांत अर्थसंकल्पावर बोलतांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं या पद्धतीचा दोष दाखविला. प्राप्तिकर ऐपत पाहून घेतला जातो. उत्पन्न नसेल तर करही नाहीं. सारा मात्र पीक येवो वा बुडो, द्यावाच लागतो. आणि एका एकराचा धनी व मोठा जहागीरदार या दोघांसही दर एकच, हा त्यांचा आक्षेप होता. पावसानें पाठ फिरविली कीं जेथें बाजरी करपते, तेथील वाचकांस याचा अर्थ निराळा सांगणें नको.

आतां गणित पाहूं. 2025-26 सालच्या नव्या करपद्धतींत पहिल्या 4 लाखांवर कर नाहीं. पुढें चार-चार लाखांच्या पांच टप्प्यांस अनुक्रमें 5, 10, 15, 20 व 25 टक्के, आणि 24 लाखांवरील रकमेस 30 टक्के. सूट व उपकर बाजूस ठेविल्यास 20 लाखांवर 2 लाख, म्हणजे बरोबर दहा टक्के कर होतो. 30 लाखांवर 4 लाख 80 हजार, म्हणजे सोळा टक्के. सर्वांस सरसकट दहा टक्के लाविले, तर 30 लाखवाल्याचे 1 लाख 80 हजार वांचतील, आणि आज कांहींच न देणाऱ्या 3 लाखवाल्यास 30 हजार भरावे लागतील. येथें एक गैरसमज टाळावा : वरच्या टप्प्याचा दर त्या टप्प्यांतील रकमेसच लागतो, सर्व उत्पन्नास नव्हे.

एकच दर मागणाऱ्यांचें म्हणणेंही पोकळ नाहीं. हिशेब सोपा होतो, पळवाटा कमी होतात, उद्योगी माणसाचा हुरूप टिकतो. 1973-74 सालीं अधिभारासह सर्वांत वरचा दर 97.75 टक्के होता. वरच्या टप्प्यांतील शंभर रुपयांपैकीं सव्वादोनच हातीं उरत असतील, तर उत्पन्न लपविण्याचा मोह कोणास होणार नाहीं ? वांच्छू समितीनें 1971 सालींच हा धोका सांगितला होता. पुढें दर उतरविण्यांत आले.

शिवाय, ऊसतोडीस जाणारें कुटुंब प्राप्तिकर देत नसलें, तरी दुकानांत साबण घेतांना वस्तू व सेवा कर देतेंच. आणि तेथें त्याचा व सावकाराचा दर एकच असतो.

मंदिराच्या भांडारांत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आपण शुभवर्तमानांत वाचली आहे. प्रभूनें देणगीची रक्कम पाहिली नाहीं. देणाऱ्याजवळ मागें काय उरलें, तें पाहिलें. कराचें मापही तेंच असावें, असें आम्हांस वाटतें. दर चढता असावा; मात्र श्रमाची उमेद व सचोटी मोडेल इतका चढूं नये.

आज सायंकाळीं घरांतील एखादी दुकानची पावती घ्या आणि तींतील कराचा आंकडा वडिलांस वाचून दाखवा. हा धडा तेथूनच सुरू होतो.