बेलाचे बाबा

रवींद्रनाथ ठाकूर म्हटले, की शुभ्र दाढी, पायघोळ झगा आणि गंभीर मुद्रा डोळ्यांसमोर उभी राहते. तान्ह्या मुलीला न्हाऊ घालणारा पंचविशीतला बाप त्या चित्रात सहसा दिसत नाही. पण तोही तितकाच खरा होता.

त्यांची पहिली मुलगी माधुरीलता २५ ऑक्टोबर १८८६ रोजी जन्मली. घरात तिला सारे 'बेला' म्हणत. आई मृणालिनीदेवी त्या वेळी स्वतःच अवघ्या बारा वर्षांच्या होत्या; बालविवाहाच्या प्रथेची ही बाजू विसरता येत नाही. ठाकूरांच्या संपन्न घरात दायांची वाण नव्हती. तरीही बाळाचे पुष्कळसे करणे वडिलांनी हौसेने अंगावर घेतले. कोलकात्यात पार्क स्ट्रीटवरील घरी ते बेलाला स्वतः आंघोळ घालीत. तिच्याभोवती लोडांचे कुंपण असे आणि त्या कुंपणात तिचा धुमाकूळ चाले. बरोबरीचे मूल दिसले, की ती आरोळी ठोकून त्याच्यावर झेप घेई. खाण्याची हावरी, पण स्वभावाने गरीब! दार्जिलिंगच्या मुक्कामात ते रात्री तिला उठवून, दूध गरम करून पाजीत. हे सारे रवींद्रनाथांनीच १९०१ साली पत्नीला लिहिलेल्या पत्रात नमूद केले आहे. तेव्हा बेलाचे नुकतेच लग्न झाले होते आणि ते तिच्या सासरी, बिहारमधील मुझफ्फरपूरला गेले होते. नव्या नवरीकडे पाहताना वडिलांना आठवत होते ते लोडांमधले बाळ. १८९२ मधील 'काबुलीवाला' या कथेतील बडबडी मिनी बेलावरूनच सुचली, असे मानले जाते.

बाप-लेकीची ही सारी गावे भूकंपाच्या प्रदेशात येतात. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत हिमालयाखाली रेटला जातो. त्यामुळे साचलेला ताण अधूनमधून एकदम मोकळा होतो. कोलकाता पर्वतापासून दूर आहे खरे, परंतु ते मऊ गाळाच्या जाड थरावर वसले आहे आणि असा थर हादरे वाढवतो. १२ जून १८९७ रोजी आसामच्या बाजूला प्रचंड भूकंप झाला, तेव्हा कोलकात्याच्या सेंट पॉल कॅथेड्रलचा मनोरा मोडला. रवींद्रनाथ त्या दिवशी नाटोर येथे प्रांतिक परिषदेत होते. परिषदेचे अध्यक्ष होते त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ, म्हणजे साताऱ्यात न्यायाधीश राहिलेले. वेळ सायंकाळची होती, बरेच लोक घराबाहेर होते, म्हणून त्या मानाने प्राणहानी कमी झाली. आपल्याकडे किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ रोजी धरणी हादरली ती पहाटे चारच्या सुमारास, माणसे गाढ झोपेत असताना.

पुढे १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपाने मुझफ्फरपूर उद्ध्वस्त झाले. ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असे गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथांना गांधीजींविषयी नितांत आदर होता आणि अस्पृश्यता त्यांनाही अमान्य होती. तरीही त्यांनी जाहीर हरकत घेतली. भूकंपाची कारणे भौतिक असतात, असे त्यांनी बजावले. दुसऱ्यांना धडा मिळावा म्हणून लहान मुलांचा आणि खुद्द अस्पृश्यांचाही सरसकट बळी घेणे कोणत्याही सुसंस्कृत राज्यकर्त्याला शोभत नाही. मग ते ईश्वराच्या माथी कसे मारावे? गांधीजींनी हे निवेदन आपल्या उत्तरासह 'हरिजन'मध्ये छापले, हे त्यांचेही मोठेपण.

तेव्हा बेला हयात नव्हती. क्षयाने १६ मे १९१८ रोजी कोलकात्यात तिचे निधन झाले होते. त्या आजारपणात वडील दुपारी तिच्या उशाशी जाऊन बसत. लहानपणीसारखी गोष्ट सांगा, असा हट्ट ती करी आणि ते गोष्ट सांगत.