गुळाचे लिंबू-सरबत : एक प्रात्यक्षिक पाठ

इयत्ता ४ थी. विषय : परिसर अभ्यास.

फाल्गुन सरला की तापीकाठी ऊन कडक होते. पाण्याचे महत्त्व नुसते सांगण्यापेक्षा सरबताच्या प्रात्यक्षिकातून ते मुलांना अधिक चांगले पटते.

प्रस्तावना : ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. सातपुड्यातील मुलांना मोहफुलांची गोडी ठाऊक असते. शहादा तालुक्यातील मुलांना ऊस परिचित असतो. उसाचा रस आटवून गूळ होतो, हे प्रश्नोत्तरांतून काढून घ्यावे.

साहित्य : उकळून थंड केलेले पाणी १ लिटर, गूळ १०० ग्रॅम, लिंबे २, मीठ चिमूटभर.

कृती : गूळ फोडून थोड्या पाण्यात विरघळवावा व स्वच्छ फडक्यातून गाळावा. काडीकचरा फडक्यावर राहतो, गोडी मात्र पाण्याबरोबर खाली उतरते. असे का होते, हे मुलांना विचारावे. मग उरलेले पाणी, मीठ व लिंबाचा रस घालावा. उष्णतेने ‘क’ जीवनसत्त्व नष्ट होते. म्हणून रस गरम पाण्यात पिळू नये. कल्हई नसलेले पितळी भांडे वापरू नये. आंबट पदार्थ त्यात कळकतो. सरबताचे पाच समान भाग केल्यास प्रत्येकात किती गूळ येईल, हे मुलांनी सोडवावे. (उत्तर : २० ग्रॅम.)

सूचना : गूळ नैसर्गिक असला तरी त्याचा बहुतांश भाग साखरच होय. म्हणून सरबत क्वचित द्यावे. रोजच्या तहानेस पाणीच योग्य. जुलाब होत असलेल्या मुलास सरबत न देता जलसंजीवनी द्यावी.

शिक्षकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी समाजात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. शरीरातील पाणी कमी झाले की रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातापायांत तीव्र वेदना सुरू होतात. अशा मुलांना लघवीसही वारंवार जावे लागते. त्यांना तास चालू असताना बाहेर जाण्याची मुभा असावी; त्याबद्दल रागावू नये. मात्र कोणाचेही नाव वर्गात उच्चारू नये. प्रत्येक तासानंतर सर्वच मुलांनी पाणी प्यावे, असा शाळेचा नियम करावा. मूल वेदनेची तक्रार करू लागल्यास ती शाळा चुकविण्याची सबब न मानता पालकांस कळवावे व त्यास विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे.