खोकला ऐकला की छातीत धडधडतं

प्रश्न : 2021च्या एप्रिलमध्ये सासऱ्यांना कोरोना झाला. देवणीहून लातूरला नेलं, सोबत मीच होते. ते बरे झाले. पण अजूनही कुणी खोकलं, रुग्णवाहिकेचा आवाज आला की छातीत धडधडतं, झोप उडते. घरचे म्हणतात, विसरून जा. – एक वाचक, देवणी

उत्तर : ताई, हे मनाचे खेळ नाहीत. आजार जवळून पाहिलेल्या, रात्रंदिवस शुश्रूषा केलेल्या माणसाचा मेंदू धोका टळल्यावरही पहारा सोडत नाही. तसा आवाज, तसा वास आला की शरीर पुन्हा त्याच रात्रीत जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साथीच्या पहिल्याच वर्षी जगभर चिंता आणि नैराश्य सुमारे 25 टक्क्यांनी वाढलं. तुम्ही एकट्या नाही.

मला खटकतं ते ‘विसरून जा’. त्या दिवसांबद्दल तुम्हाला बोलू द्यावं, आणि ते सासऱ्यांनीही ऐकावं. धडधड सुरू झाली की पाय जमिनीवर टेकवा, श्वास सावकाश, लांब सोडा. त्या आठवणींच्या भीतीने लातूरला जाणं मात्र टाळू नका. टाळल्याने भीती वाढते. इतका काळ टिकलेला त्रास मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवा. यावर चांगले उपचार आहेत. झोपेच्या गोळ्या परस्पर घेऊ नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आजच फोन लावा.