नदीशी वैर नको

मुलांनो, चीनच्या सिचुआन प्रांतात मिन नावाची नदी आहे. पर्वतावरील बर्फ वितळले की ती पूर्वी काठची शेते बुडवी. पलीकडचे मैदान मात्र तहानलेले राही. इ. स. पूर्व 256 च्या सुमारास ली बिंग हा तेथील अधिकारी होता. भिंत घालून नदी अडवावी, असे कोणालाही सुचले असते. त्याने तसे केले नाही. बांबूच्या लांबट टोपल्यांत गोटे भरून त्याने पात्राच्या मध्यभागी माशाच्या तोंडासारखा निमुळता बांध घातला. नदी आपोआप दुभंगली. एक प्रवाह जुन्या वाटेने गेला, दुसरा मैदानाकडे वळला. वाटेत टेकडी आडवी आली. सुरुंगाची दारू तेव्हा कोठची! खडक जाळाने तापवून त्यावर थंड पाणी ओतीत आणि तडकला की फोडीत, असे सांगतात.

लाओत्से या चिनी तत्त्ववेत्त्याच्या ताओ मताचा रोखही असाच आहे. पाणी मृदू असते, पण वाट काढते. वस्तूचा कल ओळखून वागावे. कित्येकांना हा आळस वाटतो. ली बिंगचे मजूर काय आळशी होते? रुसलेल्या मित्राशी वाद घालण्यापूर्वी त्याचा राग कोठून उगम पावला हे शोधून पाहा. ते काम वाद घालण्याहून कठीण आहे.

दुजियांगयान येथील ती योजना, वेळोवेळी गाळ उपसून व डागडुजी करून, आजही मैदानाला पाणी पुरवीत आहे.