रॅम आठ जीबीची, वापरता येते सव्वातीन!

प्रश्न : उदगीरला आमचं डीटीपीचं दुकान आहे. जुन्या डेस्कटॉपच्या जी४१ बोर्डात ४ जीबीच्या दोन डीडीआर३ रॅम घातल्या. विंडोज ७ मात्र ‘८ जीबी, पैकी वापरण्याजोगी ३.२५’ असं दाखवतं. लातूरच्या मेकॅनिकच्या मते बोर्ड गेलाय. बदलू का?
– एक वाचक, उदगीर (जि. लातूर)

उत्तर : बोर्ड बदलू नका, तो ठणठणीत आहे. आठ जीबीची नोंद त्यानंच तर केली! अडवणूक ३२-बिट विंडोजची आहे. तिला ४ जीबीपलीकडचे पत्ते मोजता येत नाहीत. त्यातलेही काही ग्राफिक्स आणि इतर हार्डवेअरसाठी राखीव असतात, म्हणून सव्वातीन उरते.

उपाय ६४-बिट विंडोजचा. पण ३२-बिटवरून थेट अपग्रेड होत नाही. सगळं नव्यानं टाकावं लागतं. आधी कामाच्या फायलींचा बॅकअप घ्या. तुमच्या धंद्यात खरी गोम पुढेच आहे : जुन्या प्रिंटरचा आणि श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या डोंगलचा ६४-बिट ड्रायव्हर मिळतो का, हे अगोदर बघा. १६-बिटचे प्रोग्रॅम तर तिथं चालतच नाहीत. ड्रायव्हर नसेल, तर आहे तेच राहू द्या.

जी४१ची कमाल मर्यादा ८ जीबीच आहे (जी३१ असता, तर चारवरच अडला असता). तेव्हा आणखी रॅम घेऊ नका. बोर्डासाठी काढलेल्या पैशांत साटा एसएसडी बसवा. फरक लगेच जाणवेल.